स्पीकर कंपनीचेच राहणार

एकदा एक तापट माणूस होता. अंकुश त्याचं नाव. वय बत्तीस, अंगानं काटकुळा, पर आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं. सात बुकं शिकला, मंग जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायला लागला. जिनिंग बंद पडली तवा सोपान मिस्त्रीच्या दुकानात गाड्यांची वायरिंग शिकायला आला. शिकायला उशीर झाला होता, पर हात लई चांगला. डॅशबोर्डच्या पाठीमागं, जिथं डोळ्याला काय बी दिसत न्हाई, तिथं त्याची बोटं बरोबर पाहिजे ती वायर हुडकून आणायची.

पर राग.

बायको म्हणायची राग सोडा. मारुतीच्या देवळातले गुरव म्हणायचे राग सोडा. सासूनं एका बाबाकडनं मंतरलेला दोरा आणून मनगटाला बांधला, त्यो ह्यानं तिसऱ्या दिवशी भांडता भांडता तोडला. मंग कुणीतरी सांगितलं, सोमवारी मौन धर. ह्यानं सोमवारी मौन धरलं आन मंगळवारी दोन दिवसांचं मिळून भांडला. शेवटी सगळ्या गावाचं मत पडलं की माणूस गुणाचा हाय, फक्त त्याच्यातला राग तेवढा काढून टाकला पाहिजे. जसं काय त्यो वांग्यातला किडका भाग हाय, सुरीनं कापला की झालं.

एकच माणूस त्याला कंदी राग सोड म्हणला न्हाई. त्यो म्हंजी सोपान मिस्त्री. सगळे त्यांना आबा म्हणायचे. सत्तरी गाठलेली, डोळ्याला जाड भिंगं, बोलणं कमी. जीपगाड्यांच्या डायनामोपासून काम केलेला माणूस. आता आबांचं गुडघं थकलं होतं. पाडव्यापासून दुकान अंकुशच्या हाती द्यायचं आन आपण लेकीकडं जायचं, असं त्यांनी मनात धरलं होतं, आन ते चार लोकांत बोलून बी दाखवलं होतं. लोक म्हणायचे, आबा, ह्याच्या हातात दुकान दिलं तर गिऱ्हाईक पळंल. आबा म्हणायचे, बघू.

रस्त्याच्या पलीकडं दिग्विजय नावाच्या एका बागायतदाराच्या पोरानं काचेचं दुकान टाकलं होतं. आत एसी, बाहेर रंगीत दिवे. गाडी आत गेली की सीटकव्हर, पडदे, टेप, स्पीकर, सगळं नवं होऊन बाहेर. दिग्विजय बोलायला साखरेसारखा. अंकुशला त्यानं दोनदा निरोप धाडला होता. म्हणला, "अंकुशभाऊ, हात तुमचा चांगला हाय. माझ्याकडं या. टी-शर्ट देतो, एसीत काम करा. फक्त राग घरी ठेवून यायचं." अंकुशनं दोन्ही वेळा निरोप आणणाऱ्यालाच झापलं होतं.

तर एक दिवस पारसमल शेठ गाडी घेऊन आबांच्या दारात आले. सरकी-पेंडीचा मोठा व्यापार. अख्ख्या मोंढ्यात, म्हंजी धान्याच्या बाजारात, शेठ जिथं गाडी लावतील तिथं बाकीचे लावणार, असा माणूस. गाडी दहा वर्षांची, पर सांभाळलेली. शेठच्या मांडीवर नव्या टेपचा खोका होता. मोठ्या पडद्याचा टेप, मोबाईलवरची गाणी वाजणारा.

शेठ म्हणले, "मिस्त्री, जावयानं टेप पाठवलाय. हा बसवा. आणि दाराचे स्पीकर काढून फेका. दिग्विजय म्हणतो, कंपनीचे स्पीकर म्हणजे कागद. नवा टेप आणि जुने स्पीकर, म्हणजे नवरदेवाच्या पायात बापाचे जोडे."

आबांनी गाडीतल्या जुन्या टेपवर रेडिओ लावायला सांगितला. शेतीच्या बातम्या लागल्या होत्या. आबा डाव्या दाराशी गेले, तळहात दाराला लावला, डोळे मिटले. मंग उजव्या दाराला हात लावला. ह्या गाडीला स्पीकर दोनच, पुढच्या दोन दारांत. अंकुशनं हे हज्जारदा बघितलं होतं. म्हातारा कानानं कमी आन हातानं जास्त ऐकायचा.

"टेप बसवतो," आबा म्हणले. "स्पीकर कंपनीचेच राहणार."

"अहो, मी द्यायला तयार हाय ना नवे."

"तुमी तयार हाय, पर ते जायला तयार न्हाईत. चांगले हायत शेठ. फाटले असते तर मीच काढले असते."

शेठ हसले. त्यांना म्हाताऱ्याची जिद्द आवडली असावी. म्हणले, "बरं. पण वाजलं नाही तर गाडी समोर जाईल. आणि गाडी समोर गेली की मोंढा समोर जाईल. हे मी सांगतोय म्हणून नाही, लोकच तसे आहेत."

आबांना त्या दिवशी गुडघा दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. जाताना त्यांनी अंकुशला सांगितलं, "दोन्ही दारं खोल. पेन्सिल सेल लावून बघ. मंग जोड."

ह्ये सेलचं काय ते सांगायला पाहिजे. स्पीकरला दोन वायरी असतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसला छोटा सेल त्या दोन वायरींना टेकवला की स्पीकरचा कागद हलतो. सेल बरोबर टेकवला तर कागद पुढं उडी मारतो, उलटा टेकवला तर आत ओढला जातो. त्यावरनं कळतं की जोडायची वायर कुठली आन परतीची कुठली. वायरीचे रंग बघून बी कळतं, पर दहा वर्षांच्या गाडीचे रंग खरं बोलतील असं न्हाई. कुणी मधी जोड मारलेला असतो, कुणी दुसरीच वायर ओढलेली असते. म्हणून आबांच्या दुकानात रिवाज होता. दार खोलायचं, सेल लावायचा, कागद डोळ्यानं बघायचा, आन पुढं उडी मारणाऱ्या वायरीला गाठ मारायची. मंगच जोड.

अंकुशनं डॅशबोर्ड खोलला. जुना टेप बाहेर काढला. आता दारं खोलणार, तेवढ्यात दिग्विजय रस्ता ओलांडून आला. डोळ्याला गॉगल, हातात कागदी कपात कॉफी. शेठ बाजूलाच खुर्चीत बसले होते.

"शेठ, बसवा बसवा," दिग्विजय म्हणला. "आमच्याकडं परवाच अशी एक गाडी आली. नवा टेप, कंपनीचे स्पीकर. मालकाला वाटलं गाडीत कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवतंय."

अंकुश आतून म्हणला, "डबा गाडीत नसंल. दुकानात असंल."

"बघा शेठ, लगेच राग. अहो अंकुशभाऊ, मी चांगल्यासाठी बोलतोय. आबांचं वय झालं. त्यांना काय, जुनं दिसलं की प्रेम. उद्या बैलगाडीला बी टेप बसवतील, पर बैल कंपनीचेच ठेवा म्हणतील."

शेठ खुदकन हसले.

तिथं अंकुशच्या डोक्यात जाळ झाला. त्याला बोललेलं त्याला चाललं असतं, पर आबाला हसलेलं चालंना. त्यो डॅशबोर्डमध्ये मुंडकं घालून बसला होता, हात वायरींवर होते, आन डोकं सगळं बाहेर, त्या गॉगलवाल्याला काय उत्तर द्यावं ह्याच्यात. एक उत्तर दिलं. मंग दुसरं दिलं. दिग्विजयनं तिसरं टोचलं. ह्यानं चौथं हाणलं. एवढ्या गडबडीत दारं खोलायची राहिली. पाठीमागनं चार वायरी हाताला आल्या, दोन डाव्या दाराच्या, दोन उजव्या. फिकी ती जोडायची, गडद ती परतीची, असं त्यानं रंगावरनं धरलं आन पिळा मारून वरनं चिकटपट्टी गुंडाळली. डॅशबोर्ड बंद. पडदा पेटला. शेठ खूश झाले, जावयाला फोन लावत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वक्ताला शेठची गाडी दारात. काच खाली. चेहरा पडलेला.

"मिस्त्री, ऐका."

शेठनं मोबाईलवर गाणं लावलं. ढोलकीवरचं होतं. बाईचा आवाज येत होता, तुणतुणं येत होतं, पर ढोलकी गायब. म्हंजी वाजत होती, पर जशी लांब कुठंतरी शेजारच्या गावात कुणी पुठ्ठ्यावर टिचक्या मारतंय. गाण्याला पोटच नव्हतं. आवाज वाढवला तर नुसता किनरा झाला, कानात टोचायला लागला.

दिग्विजय पलीकडनं आलाच. त्याला बोलवायची गरज नव्हती. "मी काल काय म्हणलो होतो," एवढंच बोलला, आन खिशात हात घालून उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ चहावाला आला, पंक्चरवाला आला, मोंढ्याकडं निघालेले दोन हमाल थांबले.

शेठ म्हणले, "मिस्त्री, तुमचा मान राखून बोलतो. स्पीकर गेलेत. आता हट्ट सोडा, मी गाडी समोर घेऊन जातो."

आबा काय बोलायच्या आधी अंकुश पुढं आला. गळ्याच्या शिरा ताठ. "स्पीकर गेले न्हाईत. आबांनी हात लावून सांगितलंय. आबा बोलले म्हंजी बोलले."

दिग्विजय म्हणला, "भाऊ, हातानं गाणं ऐकू येत असतं तर लोकांनी कान कशाला ठेवले असते?"

लोक हसले. अंकुशनं खिशातली पक्कड काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवली. "सगळ्यांच्या देखत सांगतो. ह्याच दोन स्पीकरांवर गाडी वाजली पाहिजे. न्हाई वाजली तर ही पक्कड परत उचलणार न्हाई, आन पाडव्याला ह्या दुकानाची पायरी चढणार न्हाई. द्या मंग दुकान ज्याला द्यायचं त्याला."

चहावाला हळूच म्हणला, "अरे, बायकोला विचारून तरी बोल."

अंकुशनं त्याच्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. बोलायला बोलला होता, पर बत्तिसाव्या वर्षी एक कसब हाताला आलं होतं आन ते त्यानं बॉनेटवर ठेवलं होतं. त्याला बी ऐकू येत होतं की ढोलकी न्हाई. त्याचा आबावर इश्वास होता, कानावर बी होता, आन दोन्ही खरं कसं असंल ते त्याला कळंना.

आबा गाडीत शिरले. डॅशबोर्डचा टेप त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर ओढला, गाणं चालू ठेवूनच. पाठीमागच्या वायरी बोटांनी चाचपल्या. मंग अंकुशला म्हणले, "ती पक्कड दे."

अंकुशनं स्वतः पक्कड उचलली न्हाई. आत्ताच बोलला होता ना. पंक्चरवाल्यानं उचलून आबांच्या हातात दिली.

आबांनी पक्कडीनं डाव्या स्पीकरची एक वायर कापून टाकली.

कट्ट करून आवाज झाला आन डावं दार मुकं झालं. आन त्याच क्षणाला ढोलकी गाडीत आली. ढम. ढम. सगळ्यांनी ऐकली. शेठच्या पायाखालच्या रबराला हादरा जाणवला, त्यांनी खाली बघितलं. गाण्याला पोट आलं, बाईचा आवाज भरला.

शेठ म्हणले, "काय केलंत? नवा स्पीकर लावला का?"

"न्हाई," आबा म्हणले. "होते त्यातला एक बंद केला."

कुणाला काय उमजंना. दोन वाजत होते तवा आवाज न्हाई, एक वाजतोय तर आवाज. हमाल एकमेकांकडं बघायला लागले. दिग्विजयला मात्र लगेच सापडलं. "म्हंजी डावा गेलाय. तो उजव्याला खराब करत होता. निम्मं तर माझंच खरं झालं की."

आबांनी डावी वायर परत जोडली आन आता उजवी तोडली. उजवं दार मुकं. डावं एकटं वाजायला लागलं. तीच ढोलकी. तसंच पोट. तसाच हादरा.

दिग्विजयनं गॉगल काढला.

"डावा बी चांगला, उजवा बी चांगला," शेठ म्हणले. "मग दोघांना मिळून काय धाड भरते?"

आबांनी उजवी बी परत पिळून जोडली, गाणं बंद केलं, पक्कड बॉनेटवर ठेवली. अंकुशकडं बघून एवढंच म्हणले, "दारं खोल."

अंकुशनं दारं खोलली. प्लास्टिकच्या खुंट्या हळू काढल्या, कव्हर बाजूला केलं. आत दोन काळे स्पीकर, दहा वर्षांची धूळ, कागद धड. आबांनी ड्रॉवरातला पेन्सिल सेल त्याच्या हातात दिला. अंकुश डॅशबोर्डपाशी गेला. काल ज्या वायरी त्यानं फिक्या म्हणून धरल्या होत्या, त्यांना सेलचं वरचं टोक लावलं, गडद होत्या त्यांना खालचं. आधी उजवा. टक. कागद पुढं उडी मारून आला. मंग डावा. टक.

कागद आत गेला.

अंकुशनं परत लावून बघितलं. परत आत गेला. डाव्या दाराच्या बिजागरीपाशी वाकून बघितलं तर रबराच्या नळीत जुना जोड होता. मागं कंदीतरी कुणीतरी दार दुरुस्त करताना रंगांची अदलाबदल केली होती; आजवर गाडीत नुसत्या बातम्याच लागायच्या, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. काल दार खोललं असतं तर सेलानं दोन मिनिटात सांगितलं असतं.

बघणाऱ्यांना काय बी कळलं नव्हतं. शेठनं विचारलं, "काय झालं? कंपनीची वायरिंग खराब हाय का?"

दिग्विजय म्हणला, "कंपनीचीच असणार. ह्या गाड्यांचं असंच असतं." ह्या वेळी त्यानं चांगल्या मनानं म्हणलं होतं. त्याला बी हे लवकर मिटावं असं वाटत होतं.

अंकुशला वाट मोकळी होती. हो म्हणला असता तर कुणाला कळलं नसतं. आबा बोलणार नव्हते. ते दुसरीकडंच बघत होते, भिंतीवरच्या फाटक्या कॅलेंडरकडं, जसं काय त्यांना आज कुठली तिथी हाय तेच बघायचं होतं. पक्कड बॉनेटवरनं उचलायची, वायर बदलायची, गाडी वाजवायची, पैज जिंकायची. एवढंच करायचं होतं.

अंकुशचा आवाज चढला. "कंपनीचं नाव घ्यायचं न्हाई. कंपनीनं नीट दिलं होतं. मधी कुणीतरी रंग फिरवले, ते बी मला सापडलं असतं. मला आबांनी दार खोल म्हणून सांगितलं होतं. मी खोललं न्हाई. ह्याच्या कॉफीकडं बघून भांडत बसलो. डावी वायर उलटी मी जोडली. मी."

एवढं बोलून त्यो आबांसमोर गेला आन खाली मान घालून म्हणला, "आबा, गाव म्हणतंय ते खरं हाय. माझा राग वाईट. ह्यो राग जाईस्तोवर मी काय दुकानात येत न्हाई. कुठं जाऊन काय करायचं ते सांगा, करतो. पर काढा ह्याला माझ्यातनं."

आबा स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

"शेठ, तुमी बी ऐका," आबा म्हणले. "गाडीतली हवा एकच असती. उजवा स्पीकर ती हवा पुढं ढकलत होता, आन डावा त्याच टायमाला आत ओढत होता. दोघं बी जीव तोडून काम करत होते. दोघांत कामचुकार कुणीच न्हाई. पर जेवढं एकानं केलं तेवढं दुसऱ्यानं खाल्लं. म्हणून ढोलकी गेली. आता बाहेरचा माणूस काय म्हणंल? स्पीकर काढून टाका. काढायचं कशापायी? त्याची वायर फिरवली की तोच ढकलायला लागतोय."

मंग ते अंकुशकडं वळले.

"तुझा राग जन्मासोबत आलाय, लेका. त्यो कंपनीचा हाय. माझ्याकडं तुझ्या आधी एक जण होता, राग नावालासुद्धा नव्हता. तीन वर्षं शिकला. लई गोड. गिऱ्हाईक परत आलं, जोड सुटला म्हणलं, की हा हसून परत जोडायचा. परत सुटला की परत हसायचा. त्याचा एक बी जोड टिकला न्हाई, कारण सुटलेल्या जोडाचा त्याला रागच यायचा न्हाई. तसला माणूस दुकानात ठेवून काय करू? तुला मी ठेवला तो रागासकट ठेवला. काल तुझा हात कामाला पुढं ढकलत होता, आन राग रस्त्याकडं ओढत होता. दोघांत राहिलं काय? नुसता पत्र्याचा आवाज. राग काढू नको. त्याची वायर फिरव. दिग्विजयनं बैल म्हणला तवा चिडलास, चालंल. पर दार न खोलता जोड मारलास तवा तुला तुझा राग का आला न्हाई? तिथं यायला पाहिजे होता. आत्ता आला तसा."

आबांचं एवढं बोलणं दुकानात कुणी कंदी ऐकलं नव्हतं. त्यांना बी दम लागला. चहावाल्यानं न सांगता कप पुढं केला.

अंकुश बॉनेटपाशी गेला. पक्कड आबांनी तिथंच ठेवली होती. एक क्षण थांबला, मंग उचलली. डाव्या वायरी सोडवल्या, फिरवल्या, सेल लावला. टक. कागद पुढं आला. गाठ मारली. जोड मारला, तापल्या कावियानं कथिलाचा डाक दिला, वरनं प्लास्टिकची नळी चढवली. टेप जागेवर न बसवताच गाणं लावलं.

आता दोन्ही दारं एकदम बोलली. ढोलकी काचंला लागली. दारात उभ्या असलेल्या हमालाच्या छातीला लागली, त्यानं हात लावून बघितलं. शेठनं आवाज वाढवला, किनरा झाला न्हाई. अजून वाढवला. मंग हसायला लागले. "मिस्त्री, नवरदेव जोड्यांसकट नाचतोय."

दिग्विजय जवळ आला. माणूस वाईट नव्हता. अंकुशला हळू आवाजात म्हणला, "भाऊ, ते मी राग घरी ठेवून या म्हणलो होतो ना. ते जाऊ द्या. रागासकट या."

"मी इथंच हाय," अंकुश म्हणला. "तुमाला शिकायचं असंल तर तुमी या. गॉगल घरी ठेवून."

ह्या वेळी पंक्चरवाला मोठ्यानं हसला, आन दिग्विजय बी हसला.

शेठनं दार लावून घ्यायला हात पुढं केला. "चला, मोंढ्यात उशीर झाला. कव्हर बसवा, निघतो."

"उतरा शेठ," अंकुश म्हणला.

"का? वाजली की."

"उजवा जोड राहिलाय."

"अरे, उजवा तर पहिल्यापासून चांगला हाय. आबांनी आत्ता एकट्याला वाजवून दाखवला."

"वाजतोय. पर त्यो बी मी कालच मारलाय, नुसता पिळा घालून. डाक न्हाई, गाठ न्हाई. आज वाजंल. खड्ड्यातनं गेली की सहा महिन्यानं सुटंल. मला त्यो जोड बघवत न्हाई. उतरा."

"सुटला तर येईन ना परत. मला गिऱ्हाईक थांबलंय तिकडं."

"मी परत येऊ देणार न्हाई," अंकुश म्हणला, आन आवाज परत पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला. "सुटलेला जोड घेऊन ह्या दारात गाडी आली तर तो माझा अपमान हाय. तुमचा धंदा तिकडं थांबलाय, माझा धंदा हितं उघडा पडलाय. तुमी शेठ असाल मोंढ्यात. ह्या दोन दारांत मी सांगीन तेच होणार. उतरा म्हणतो ना."

शेठनं आबांकडं बघितलं. त्यांना वाटलं म्हातारा ह्याला आवरंल, दोन शब्द सांगंल, आताच एवढं शहाणपण शिकवलं होतं.

आबा स्टुलावरनं उठले आन स्टूल सावलीला सरकवून शेठपुढं ठेवलं. म्हणले, "बसा शेठ. चहा घ्या. आता मी बी मधी पडलो तर माझं बी ऐकायचा न्हाई त्यो."

शेठ गाडीतनं उतरले आन बसले. अंकुशनं चांगला वाजत असलेला उजवा जोड पक्कडीनं तोडला, आन पहिल्यापासून मारायला लागला.

गाव सांगतंय म्हणून आपल्यातलं काय बी काढून फेकू नये. आधी सेल लावून बघावं.